चौसष्ट घरांचा तक्ता

एरिक एरिक्सनचा तक्ता तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. बी.एड. करणाऱ्या बहिणीच्या गाईडमध्ये, इन्स्टावरच्या मानसशास्त्राच्या एखाद्या पोस्टमध्ये, नाहीतर ऑफिसने फुकट दिलेल्या काउन्सेलिंग ॲपमध्ये. आठ ओळींची यादी असते. पहिलं वर्ष : विश्वास विरुद्ध अविश्वास. मग स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका. पुढाकार विरुद्ध अपराधभाव. शाळेच्या वयात उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. पौगंडावस्थेत ओळख विरुद्ध ओळखीचा गोंधळ. तारुण्यात जवळीक विरुद्ध एकटेपण. मध्यमवयात पुढच्यांसाठी काही घडवणं विरुद्ध साचलेपण. आणि म्हातारपणी जगलेल्या आयुष्याचा स्वीकार विरुद्ध वैफल्य. बाजूला वयं लिहिलेली असतात. आपलं वय शोधायचं, आपली ओळ वाचायची आणि आपण पास की नापास ते मनातल्या मनात ठरवून टाकायचं.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मला ही यादी थेट जिराच्या बोर्डसारखी दिसते. प्रत्येक तिकिटाला ड्यू डेट. ‘जवळीक’ माझ्या नावावर ओपन, आणि ‘ओळख’ कधीच क्लोज व्हायला हवं होतं.

मूळ तक्ता मात्र असा नाही. १९५० साली आलेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या पुस्तकात एरिक्सनने यादी नव्हे, बुद्धिबळाच्या पटासारखा आठ बाय आठचा चौकोन छापला. चौसष्ट घरं. त्यातली फक्त कर्णावरची आठ भरलेली, बाकीची छप्पन्न कोरी. इंजिनियरला आधी हसूच येतं : एवढी विरळ मॅट्रिक्स छापून कागद कशाला घालवायचा, आठ ओळींत काम झालं असतं. पुढच्या पाठ्यपुस्तकवाल्यांनी नेमकं तेच केलं. पण एरिक्सनचं म्हणणं त्या कोऱ्या घरांत होतं. विश्वासाचा प्रश्न पहिल्या वर्षी ऐरणीवर येतो, पण तो तिथे सुटून संपत नाही. तो वर चढत जातो. सोळाव्या वर्षी मित्रावर विश्वास ठेवताना तो वेगळ्या रूपात येतो, साठीत डॉक्टरवर ठेवताना आणखी वेगळ्या. आणि पुढे येणारे प्रश्नही आधीच्या वयांत बीजरूपाने असतात. गर्भात अवयव आपापल्या वेळी आकार घेतात, पण त्यांचा आराखडा सुरुवातीपासून असतो, ही भ्रूणशास्त्रातली कल्पना त्याने उचलली होती. म्हणून तर मधे ‘विरुद्ध’ आहे. तिथे जिंकायचं नसतं. पुरेसा अविश्वास नसलेला माणूस पहिल्याच फोनवर ओटीपी सांगून मोकळा होईल.

हा चौकोन समुपदेशकांच्या टेबलावर येऊन त्याची यादी कशी झाली, आणि त्या कोऱ्या घरांकडे पुन्हा पुन्हा कोणाकोणाला वळावं लागलं, ही गोष्ट मला त्या यादीपेक्षा बरीच जास्त उपयोगाची वाटते.

*

एरिकचा जन्म १५ जून १९०२चा, फ्रँकफर्टजवळचा. आई कार्ला अब्राहमसेन, कोपनहेगनच्या ज्यू घरातली. वडील कोण, हे त्याला आयुष्यभर नक्की कळलं नाही. तो तीन वर्षांचा झाला त्या दिवशी आईने कार्ल्सरूहच्या थिओडोर होम्बुर्गर या बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील, असं मुलाला सांगितलं गेलं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. सिनेगॉगमध्ये मुलं त्याला परका म्हणून चिडवत आणि शाळेत ज्यू म्हणून. शाळेनंतर तो चित्रं काढत युरोपभर भटकला. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. १९२७ साली पीटर ब्लॉस या मित्राने त्याला व्हिएन्नात एका छोट्या शाळेत शिकवायला बोलावलं. ती शाळा अ‍ॅना फ्रॉइडच्या वर्तुळातली. तिथेच त्याचं मनोविश्लेषण अ‍ॅनाकडे झालं, प्रशिक्षण झालं, जोन सर्सन या कॅनडाहून आलेल्या नर्तिकेशी लग्न झालं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि हे कुटुंब अमेरिकेला गेलं. १९३९ साली नागरिकत्व घेताना त्याने आडनाव बदलून ‘एरिक्सन’ केलं, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःच स्वतःचा बाप! ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द जगाला देणाऱ्या माणसाचं हे चरित्र कोणी कादंबरीत लिहिलं असतं, तर संपादकाने ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

तोपर्यंत मानसोपचारात वयाचा हिशेब काय होता? फ्रॉइडच्या मांडणीत माणसाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत पडतो. पुढचं बरंचसं त्याचीच पुनरावृत्ती. आणि पन्नाशीच्या आसपास पोचलेल्यांची मनं लवचीक राहत नाहीत, त्यामुळे ती माणसं विश्लेषणाला फारशी योग्य नाहीत, असं फ्रॉइडने १९०४ साली डॉक्टरांपुढच्या एका व्याख्यानात सांगितलं होतं. तेव्हा त्याचं स्वतःचं वय अठ्ठेचाळीस होतं, हे जाता जाता. म्हणजे समोर चाळिशीचा माणूस येऊन बसला, तरी त्याच्या आत शोधायचं ते चार वर्षांचं मूलच.

एरिक्सनला हे अपुरं वाटायला लावलं ते दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या माउंट झायन हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये तो त्यांना तपासत होता. त्यातल्या एकाची हकिगत ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’त सविस्तर आहे. तिशीच्या सुरुवातीचा एक शिक्षक, युद्धात मरीन सैनिकांसोबतच्या वैद्यकीय पथकात गेलेला. घरी परतला तो असह्य डोकेदुखी घेऊन. कसलाही आवाज झाला की डोकं फुटायला यायचं. हळूहळू समोर आलं ते असं : किनाऱ्यावर उतरलेली तुकडी, अंधार, समोरून गोळीबार. हा निःशस्त्र, कारण तो वैद्यकीय पथकातला आणि हत्यार न बाळगणं हा त्याचा अभिमान. त्या धुमश्चक्रीत कोणीतरी त्याच्या हातात सबमशिनगन कोंबली. त्यानंतरचं त्याला आठवत नव्हतं.

इथे जुन्या पद्धतीचा विश्लेषक बालपणाकडे धावला असता, आणि मिलिटरी डॉक्टर ‘युद्धाचा धक्का’ लिहून मोकळा झाला असता. एरिक्सनने मधली वर्षं विचारली. हा मुलगा चौदाचा असताना दारूच्या नशेत चिडलेल्या आईने त्याच्यावर बंदूक रोखली होती. त्याने ती हिसकावून घेतली, मोडली आणि घर कायमचं सोडलं. एका वडीलधाऱ्या हेडमास्तरांनी त्याला आधार दिला. त्याने शपथ घेतली : दारू नाही, शिवी नाही, बाईचा नाद नाही आणि बंदुकीला हात लावणार नाही. त्या शपथेवर त्याने माणूस म्हणून स्वतःला उभं केलं होतं. किनाऱ्यावरच्या रात्री ती शपथ त्याच्याच हातात मोडली. त्याला भीतीने आजारी पाडलं नव्हतं. काल होतो तोच मी आज आहे, हा धागा तुटला होता. एरिक्सनने याला ओळख हरवणं म्हटलं. चौदाव्या वर्षी सोडवलेला प्रश्न तिशीत पुन्हा उघडला होता. तक्त्यातली कोरी घरं ती हीच.

*

तक्ता घडतानाचा एक किस्सा जोनने नंतर सांगितला आहे. १९५०च्या सुमाराला बालकांवरची व्हाइट हाऊस परिषद होणार होती आणि तिच्यासाठी दोघं मिळून ही मांडणी तयार करत होते. (तक्त्यावर नाव एकट्या एरिकचं राहिलं, जोनचा त्यातला वाटा पुढे तो स्वतः मान्य करत असे.) एरिकला व्याख्यानासाठी लॉस एंजेलिसला जायचं होतं, जोन त्याला गाडीने स्टेशनवर सोडायला निघाली. वाटेत शेक्सपिअरच्या माणसाच्या सात अवस्थांवर बोलणं चाललं होतं. शेक्सपिअर मुलाचं खेळण्याचं वय विसरला म्हणून दोघं त्याची चूक काढत होते. आपल्याही तक्त्यात तेव्हा सातच टप्पे होते. आणि अचानक लक्षात आलं, की तारुण्यातल्या जवळिकीनंतर त्यांचा तक्ता थेट म्हातारपणावर उडी मारतोय. मधे कोणी नाही. मधे ते स्वतः होते : चाळिशी ओलांडलेले, मुलं वाढवत असलेले. मग सातवा टप्पा घातला गेला.

मला हा किस्सा गमतीचा वाटला होता. त्याच काळातली दुसरी हकिगत वाचेपर्यंत.

१९४४ साली जोनला चौथं मूल झालं, नील. डाऊन सिंड्रोम असलेलं. प्रसूतीनंतर जोनला गुंगीत ठेवलेलं होतं. एरिकने मार्गारेट मीड आणि आणखी एका मित्राचा सल्ला घेतला, आणि जोनने बाळाला जवळ घेण्याआधीच नीलला संस्थेत पाठवण्याच्या कागदांवर सही केली. हे मूल दोन वर्षंही जगणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोठ्या मुलांना सांगण्यात आलं, की बाळ जन्मतःच गेलं. नील जवळजवळ एकवीस वर्षं जगला, संस्थेतच. १९६५ साली तो वारला तेव्हा आई-वडील इटलीत होते. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मुलांना अंत्यविधी उरकायला सांगितलं. म्हणजे ज्या भावंडाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, त्याचा. हे सगळं १९९९ साली लॉरेन्स फ्रीडमनने लिहिलेल्या चरित्रातून जगापुढे आलं, आणि मुलगी सू एरिक्सन ब्लोलँड हिनेही नंतर आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलं.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टर हाच सल्ला देत, आणि अनेक घरांनी तेच केलं. तरीही, ज्या वर्षांत हे दोघं ‘निरोगी व्यक्तिमत्त्वाची वाढ’ टप्प्याटप्प्याने मांडत होते, त्याच वर्षांत त्या तक्त्यात न बसणारं त्यांचं एक मूल काही तासांच्या अंतरावर वाढत होतं. फ्रीडमनच्या मते त्या घटनेची आणि निरोगी वाढीचा नकाशा शोधण्याच्या त्यांच्या ध्यासाची सांगड आहे. मी तितक्या खात्रीने बोलणार नाही. पण आता कोणी ‘नॉर्मल डेव्हलपमेंट’चा चार्ट दाखवला, की मी आधी बघतो, त्यात कोण नाहीये.

*

१९५१ साली एरिक्सन मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला, ऑस्टिन रिग्ज सेंटरमध्ये आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांकडून कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली होती. सही नको म्हणून त्याने नोकरी सोडली होती. रिग्ज हे छोटं, खुल्या दारांचं मनोरुग्णालय. तिथे येणारे बरेचसे विशीतले, कॉलेज अर्धवट सुटलेले. आणि इथेच त्याने त्या चौसष्ट घरांतली आणखी काही घरं भरली. ओळखीचा जो पाचवा टप्पा, त्याची आडवी आणि उभी रांग. म्हणजे, ओळख पणाला लागते तेव्हा आधीचा प्रत्येक प्रश्न कोणत्या वेषात परत येतो?

ही रांग वाचताना मला अंगावर काटा आला होता. वेळेचं भान सुटणं : एकीकडे सगळं हातातून निसटतंय अशी घाई आणि दुसरीकडे काळ थांबल्यासारखा संथपणा. अशी मुलं रात्री झोपायला जायला तयार नसतात आणि सकाळी उठायला तयार नसतात, असं त्याने नोंदवलंय. स्मार्टफोन यायच्या पन्नास वर्षं आधी! कामाचा लकवा : बुद्धी आहे, येतंही, पण हात चालत नाही. आणि उलटी ओळख : घरच्यांना जे सर्वांत नको आहे, नेमकं तेच होऊन दाखवणं. तो उदाहरण देतो ते एका आईचं. तिचा भाऊ दारूत वाया गेला. आता तिला मुलामध्ये सतत भावाच्याच खुणा दिसतात, आणि ती त्या खुणांनाच प्रतिसाद देते. आपल्याकडे यासाठी तयार वाक्य आहे : ‘मामावर गेलाय हा!’ दहा वर्षं रोज हे ऐकलेल्या मुलाला मामा व्हायला फार कष्ट पडत नाहीत. काहीच नसण्यापेक्षा वाईट का होईना, पण पूर्ण असं काहीतरी असणं बरं, असा त्यामागचा हिशेब.

उपचाराच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. समोरच्याला लेबल लावायची घाई करायची नाही, कारण विशीतला माणूस ते लेबलच ओळख म्हणून अंगाला लावून घेऊ शकतो. ‘मी डिप्रेशनवाला’ ही पण एक पूर्ण ओळख आहे. रिग्जमध्ये हे सगळ्यात नीट अमलात आणलं ते जोनने. तिने तिथे चित्रं, विणकाम, सुतारकाम, नाटक असं सगळं सुरू केलं, पण अट अशी, की त्या खोलीत कोणी रुग्ण नाही. तिथे येणारा विद्यार्थी, शिकवणारा खराखुरा कलाकार, आणि काढलेल्या चित्राचा अर्थ लावत बसायचं नाही. चित्र चांगलं झालंय का, एवढाच प्रश्न. कामाच्या लकव्यावर काम हाच उपाय, आणि ते काम आजाराबाहेरच्या जागेत. एरिकच्या लेखांपेक्षा मला ही खोली जास्त पटते.

*

यानंतर तक्ता मोठ्या प्रमाणावर समुपदेशकांच्या हाती गेला, आणि मोठ्या प्रमाणावर काही करायचं म्हटलं, की मोजमाप आलंच. जेम्स मार्शियाने १९६६ साली कॉलेजातल्या ८६ मुलग्यांच्या मुलाखती घेऊन ओळखीच्या चार स्थिती मांडल्या. प्रश्न दोनच : तू पर्याय धुंडाळलेस का? आणि काही पक्कं ठरवलंस का? दोन बाय दोन. दोन्ही नाही, तर विस्कळीत. शोध चालू पण निर्णय नाही, तर थांबा घेतलेला. शोधून ठरवलेलं, तर कमावलेली ओळख. आणि चौथी स्थिती, शोध न घेताच ठरलेली : बंद झालेली ओळख. ही चौथी वाचून आपल्यातले निम्मे जण दचकतील. दहावीला नव्वद टक्के म्हणून सायन्स, सायन्स म्हणून सीईटी, सीईटीत मार्क म्हणून कॉम्प्युटर. माझ्या बॅचमध्ये कोणाला ओळखीचा पेच पडलाच नव्हता, कारण प्रश्नपत्रिका हातात यायच्या आधी उत्तरपत्रिका गोळा झाल्या होत्या. मार्शियाच्या या चौकटीचं काम असं, की समुपदेशकाला दिसतं : समोरचा शांत, ठाम मुलगा आणि समोरचा गोंधळलेला मुलगा, यांत काळजी कोणाची करायची हे उलटंही असू शकतं. गोंधळ हा कधी कधी वाढीचा भाग असतो. त्याला बरं करायचं नसतं, वेळ द्यायचा असतो.

करिअर समुपदेशनात हीच गोष्ट डोनाल्ड सुपरने वेगळ्या वाटेने सांगितली. १९५१ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाऊन गावी नववीतल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. या वयाची मुलं करिअर निवडायला तयार नसतात. निवड कशी करायची ते शिकायला तयार असतात, असा त्यातून निघालेला धडा. करिअर हा एका दिवसाचा निर्णय नसून आयुष्यभर चालणारी वाढ आहे, हे त्याचं म्हणणं आज पाठ्यपुस्तकात असतं. आणि तरी आपल्याकडे २०१६पासून काही वर्षं राज्य बोर्डाने दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी घेतली. चाचणी घेणं वाईट नव्हे. पण ‘याचा कल अमुकमध्ये’ असं छापील आलं, की घरी तो निकालच असतो.

यादीने सर्वांत जास्त नुकसान केलं ते वयांचे आकडे काटेकोर करून. डॅनियल लेव्हिन्सनने १९७८च्या पुस्तकात पुरुषाच्या आयुष्याचे ऋतू मांडले : तिशीचा बदल अठ्ठावीस ते तेहेतीस, मध्यमवयाचा बदल चाळीस ते पंचेचाळीस. आधार होता चाळीस अमेरिकन पुरुषांच्या मुलाखती; दहा कामगार, दहा मॅनेजर, दहा जीवशास्त्रज्ञ, दहा कादंबरीकार. बायका नंतरच्या पुस्तकात आल्या, तेही लेखकाच्या मृत्यूनंतर. एरिक्सनसोबत हार्वर्डला शिकवणाऱ्या कॅरल गिलिगनने १९८२ साली हाच प्रश्न विचारला : आधी ओळख आणि मग जवळीक हा क्रम कोणाचा? अनेक मुलींच्या बाबतीत ‘मी कोण’ हे नात्यांमधूनच घडत जातं, मग त्या तक्त्यात मागे पडलेल्या दिसणारच.

या सगळ्यांत समुपदेशकाच्या रोजच्या कामाला मला सर्वांत उपयोगी वाटते ती शिकागोची बर्निस न्यूगार्टन. तिने टप्पे सांगितलेच नाहीत. तिने सांगितलं, की समाजाच्या भिंतीवर एक घड्याळ टांगलेलं असतं आणि प्रत्येकाला आपण वेळेवर आहोत की उशिरा, हे ठाऊक असतं. त्यामुळे लग्न, मूल, निवृत्ती, अगदी वैधव्यही, या घटना स्वतः संकट असतीलच असं नाही. त्या अवेळी आल्या की संकट होतं. हे घड्याळ आपल्याकडे बोलतं. ‘सगळं कसं वेळच्या वेळी झालेलं बरं,’ असं ते म्हणतं, आणि लग्नाच्या पंगतीत जरा मोठ्याने म्हणतं. न्यूगार्टन वाचलेला समुपदेशक बत्तिशीतल्या मुलीला ‘तुमच्या जवळिकीच्या टप्प्यात अडचण आहे’ असं सांगणार नाही. तो विचारेल, उशीर झालाय असं तुम्हाला कोणाच्या घड्याळावरून वाटतंय?

*

१९६२ साली एरिक्सन अहमदाबादला आला होता. मानवी जीवनचक्रावर चर्चासत्र घ्यायचं होतं. पाहुणचार साराभाई कुटुंबाकडे. तिथे त्याच्यापुढे चार आश्रम ठेवले गेले. तुलना करावीशी वाटणारच, पण दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की फरकच जास्त दिसतात. एरिक्सनच्या आठपैकी पाच टप्पे विशीच्या आतले. आश्रमांच्या यादीत बाळपण नाहीच, ती सुरू होते गुरुगृहापासून. आणि ती ज्यांच्यासाठी होती, ते म्हणजे वरच्या वर्णांतले पुरुष. ‘कोण नाहीये’ हा प्रश्न इथेही विचारावा लागतो.

त्या मुक्कामात त्याच्या लक्षात आलं, की आपले यजमान अंबालाल साराभाई हे १९१८च्या गिरणी संपात मालकांचे पुढारी होते, त्यांची बहीण अनसूया कामगारांच्या बाजूला, आणि मधे अठ्ठेचाळीस वर्षांचे गांधी, पस्तीस टक्के वाढीसाठी उपोषणाला बसलेले. त्यातून १९६९चं ‘गांधीज ट्रुथ’ आलं, ज्याला पुलित्झर मिळालं. त्या पुस्तकाच्या मध्यावर एरिक्सन अचानक थांबतो आणि दिवंगत गांधींनाच पत्र लिहितो. पुढे लिहवत नाही, म्हणतो. सत्याच्या एवढ्या घोषात कुठेतरी असत्य जाणवतंय. कस्तुरबांशी, मुलांशी, आश्रमातल्या मुलींशी गांधी जसे वागले, त्यात त्याला हिंसा दिसते. पत्र धारदार आहे आणि बरंचसं न्याय्यही. पण नीलला जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, हे माहीत असलेल्या वाचकाला ते पत्र दोन पत्त्यांवर लिहिलेलं वाटतं.

अहमदाबादनेच त्याला सुधीर कक्कर दिला. घरच्यांच्या इच्छेने मेकॅनिकल इंजिनियर झालेला, मग जर्मनीत अर्थशास्त्र शिकलेला, आणि तरी पुढे काय या प्रश्नात अडकलेला पंचविशीतला तरुण. १९६४ साली त्याची एरिक्सनशी भेट झाली, आणि याच्यासारखं व्हायचं, हे त्याचं ठरलं. तो हार्वर्डला एरिक्सनचा साहाय्यक झाला, फ्रँकफर्टला मनोविश्लेषक म्हणून शिकला आणि दिल्लीत प्रॅक्टिस करू लागला. १९७८च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये त्याने गुरूचाच तक्ता इथल्या घरांवर ताडून पाहिला आणि दुरुस्त केला. आपल्याकडच्या मुलग्याचं आईच्या कुशीतलं बाळपण लांबतं, आणि मग चार-पाच वर्षांचा झाला की त्याला एकदम पुरुषांच्या, शिस्तीच्या जगात ढकललं जातं. कक्करने याला दुसरा जन्म म्हटलं. स्वायत्ततेची कसोटी अमेरिकेत जिथे लागते, तिथे इथे लागत नाही, आणि लागते तेव्हा अवचित लागते. समोरचा रुग्ण उपचारकाला तटस्थ तज्ज्ञ न मानता गुरू मानतो, सल्ला मागतो, आशीर्वाद मागतो. याला अपरिपक्वता म्हणून बाजूला सारायचं की उपचारात वापरायचं, हा प्रश्न कक्करने पुढे आयुष्यभर लावून धरला. शेवटची वर्षं तो गोव्यात बाणावलीला राहत होता. २०२४च्या एप्रिलमध्ये गेला.

*

म्हाताऱ्यांकडे उपचारकांचं लक्ष मात्र फार उशिरा गेलं. म्हातारी माणसं जुन्या गोष्टी उगाळत बसतात, ते मेंदू थकल्याचं लक्षण, असाच समज होता. १९६३ साली रॉबर्ट बटलर या तरुण मनोविकारतज्ज्ञाने लिहिलं, की हे उगाळणं म्हणजे काम आहे. मृत्यू जवळ आल्याच्या जाणिवेने माणूस आयुष्याचा हिशेब मांडतो, न मिटलेल्या गोष्टी वर येतात, आणि ऐकणारा असेल तर त्यांची फेरमांडणी होते. बटलर आजी-आजोबांकडे वाढला होता. हा हिशेब काहींना वैफल्याकडेही नेतो, असा इशाराही त्याने दिला. म्हणून ऐकणारा हवा. त्यातूनच आठवणींवर आधारलेल्या उपचारपद्धती निघाल्या. आजोबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात तेव्हा ती तशीच असते का, हे आता मी लक्ष देऊन ऐकतो. सहसा एखादा तपशील हललेला असतो. गेल्या वेळी ‘त्याने फसवलं’ होतं, या वेळी ‘त्याचीही अडचण असेल’ असतं.

एरिक्सन स्वतः म्हातारा झाला तेव्हा त्याने आणि जोनने एका सहकारी बाईंबरोबर बर्कलेच्या २९ वृद्धांना गाठलं. हे कोण, तर ज्या मुलांचा अभ्यास त्याने चाळीसच्या दशकात केला होता, त्यांचे आई-वडील. १९८६च्या त्या पुस्तकात आठही प्रश्न ऐंशीच्या वयात तपासले आहेत, म्हणजे तक्त्याची सर्वांत वरची आडवी रांग अखेर भरली गेली. ऐंशीत स्वायत्तता म्हणजे काय? गाडी चालवणं सोडायचं की नाही. पुढाकार म्हणजे? उद्या कशासाठी उठायचं.

एरिक १९९४ साली गेला. त्यानंतर नव्वदीतल्या जोनने त्यांच्या जुन्या पुस्तकाच्या वाढीव आवृत्तीत नववा टप्पा लिहिला, आणि तो लिहिताना एक लहानसा बदल केला. तक्त्यात कायम चांगला शब्द आधी यायचा : विश्वास विरुद्ध अविश्वास. तिने सगळ्या जोड्या उलट केल्या. अविश्वास आधी, कारण स्वतःच्या पायांवरच विश्वास राहिलेला नसतो. लाज आणि शंका आधी, कारण अंगावरच्या कपड्यांची बटणंही आता दुसरं कोणी लावतं. आठवा टप्पा लिहिताना आम्ही म्हातारे नव्हतो, हे तिने सरळ सांगून टाकलं. ती आवृत्ती १९९७ साली आली; त्याच वर्षी जोन गेली.